जावेच्या मडक्यातली पेज

ठमीला कमळचा हेवा वाटतो, हे पाड्यावर कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. हेवा गिळून वर गोड बोलणाऱ्यातली ती नव्हती. कमळ ओटीवर येऊन बसली की ठमी उठून आत जायची आणि भांडी अशी आदळायची की बाहेर नीट ऐकू गेलं पाहिजे. शेजारणी एकमेकींना म्हणायच्या, "सखूच्या थोरलीनं आज पुन्ना धाकटीचं तोंड बगितलं वाटतं."

ही गोष्ट एकोणीसशे बावीस-तेवीसची, उरणच्या खाडीकाठच्या एका पाड्यावरची. चारी बाजूंना मिठागरं. घरात सासू सखुबाई, तिचे दोन मुलगे नामा आणि दयाराम, आणि त्यांच्या या दोन बायका. थोरल्याची ठमी, धाकट्याची कमळ. दोघींची बाळंतपणं एका महिन्याच्या अंतराने झाली आणि तिथून सगळं बिनसलं.

कमळचं पहिलं बाळंतपण, म्हणून ते माहेरी, नागावला. बापाची स्वतःची माडांची वाडी. माघात ती रेवसच्या तरीतून खाडी ओलांडून परत आली ती एकटी नाही. बरोबर आई, कडेवर टपोरी मुलगी आणि मागून दोन गड्यांच्या डोक्यांवर बाळंतविडा. डिंक, हळीव, खारका, तुपाचा डबा, तांदळाची गोणी आणि नारळ तर इतके की पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

ठमीचं हे दुसरं. ते सासरीच झालं. पहिली मुलगी होती, ती तिसऱ्या महिन्यात गेली. ताप नाही, खोकला नाही. नुसती सुकत गेली, उन्हात टाकलेल्या बोंबलासारखी. शेवटी शेवटी तिला रडायलाही आवाज नव्हता. सखुबाईने तिला स्वतःच्या हाताने बांधाच्या कडेला पुरलं आणि घरी येऊन म्हणाली, "तुज्या अंगात दूधच न्हाय त्याला कोन काय करील?" या वेळी मुलगा झाला, रघू. ठमीला आई नव्हती. बाप एकदा येऊन गेला, सावत्र आईने बांधून दिलेल्या मूठभर मेथ्या घेऊन. ओटीवर पुरचुंडी ठेवली, चहाही न घेता गेला. लाज वाटली असेल त्याला. वाटायलाच हवी होती.

आता पथ्याचं ऐका. सखुबाईचा कायदा असा होता: अंगावर पाजणारीने सुकं खायचं. सुका भात, वर मिरीची पूड, चिमूटभर मीठ. तेही घरातल्या पुरुषांचं जेवण झाल्यावर टोपात जे उरेल त्यातलं. पाणी सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. जास्त प्यायली तर पोराला सर्दी होते, पेज प्यायली तर बाईचं पोट सुटतं, मासळी खाल्ली तर दूध नासतं. कशाने काय होतं हे सखुबाईला सगळं तोंडपाठ. आणि सव्वा महिना झाला की याच पथ्यावर मिठाच्या पाट्या उचलायच्या. फाल्गुनातलं ऊन, पायाखाली खारट चिखल, डोक्यावर ओलं मीठ, पाझरणारं पाणी गालावरून तोंडात. मुकादम पोराला पाजायला एकदा सोडायचा, तेही तोंड वाकडं करून. रघू बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत. ठमी त्याला छातीशी धरायची, तो दोन घोट ओढायचा, मग ओढतच राहायचा आणि मग चिडून तोंड फिरवायचा.

कमळचं मात्र निराळं. तिची आई चार दिवस राहिली आणि जाताना चुलीजवळच्या कोपऱ्यात एक मोठं काळं मडकं मांडून गेली. म्हणाली, "विहीणबाय, पोरीला दिवसभर पेज पायजे. तांदूळ आमचा, नारळ आमचा. तुमाला भार न्हाय." जिने पडवी नारळांनी भरली तिच्यापुढे सखुबाईचा कायदा मुकाट बसला. लेक बसती होईपर्यंत कमळ मिठावर जाणार नाही, हेही विहीणच ठरवून गेली. सखुबाई "व्हय, व्हय" म्हणाली. ठमीने ते "व्हय" आपल्या कानांनी ऐकलं आणि तेव्हापासून ते तिच्या कानातून निघालं नाही.

पण मडक्याला एक अट होती, आणि ती दोघी सुनांनाही पटलेली होती. पाड्यावरची जुनी समजूत अशी की एका घरात दोन अंगावर पाजणाऱ्या असल्या तर त्यांनी एका मडक्यातलं खायचं नाही. खाल्लं, तर दिवस उजाडल्यावर जिचा हात मडक्यात आधी पडेल तिच्याकडे दुसरीचं दूध ओढलं जातं. म्हणून चुलीजवळ चटई आडवी लावलेली. अलीकडे ठमीचा भाताचा टोप, पलीकडे कमळचं मडकं. दोघींच्या पदराला मिठाची एकेक पुरचुंडी, ओढ लागू नये म्हणून.

ठमी चटईच्या फटीतून बघायची. कमळ सकाळी उठून वाडगाभर पेज प्यायची, वरून नारळाचा रस. पाजलं की पुन्हा वाडगा. दुपारी भाताबरोबर पुन्हा. वर एक डिंकाचा लाडू, तो ती अर्धा खाऊन टाकून द्यायची. टाकून द्यायची! ठमीने एकदा तो उष्टा अर्धा लाडू उचलून तोंडात टाकला. लाडू मडक्यातला नव्हता, तेव्हा चालेल असा तिने हिशोब केला. मग दिवसभर पाट्या वाहताना छातीकडे लक्ष. आता भरून येईल, मग भरून येईल. काहीच आलं नाही. आता, रिकाम्या पोटाच्या बाईला अर्ध्या लाडवाने कुठलं दूध फुटायचं? पण ठमीला वाटलं, कमळच्या माहेरचा लाडूसुद्धा कमळच्याच बाजूने आहे.

आणि मग तिने ते बघितलं.

मिठावरून परत येताना ती मागल्या बाजूने आली. परसात एक माड होता. कमळ त्याच्या बुंध्याशी वाकून बसलेली. तिच्या पोरीला पुरून दूध उरत होतं, छाती दुखत होती, म्हणून ती वरचं दूध पिळून माडाच्या मुळाशी सोडत होती. दूध पायदळी पडू नये म्हणून झाडाला द्यायचं, अशी रीत. ठमीच्या काखेत रघू. त्याची मान टाकलेली, मनगटं बांबूच्या काडीएवढी. आणि समोर माड दूध पितोय.

"माडाला पाजतेस काय गं?" ठमी म्हणाली.

कमळ दचकली. पदर सावरत म्हणाली, "काय करू, जावबाय? गाठी होतात. लय ठनकतं."

"ठनकतं!" ठमी म्हणाली. "बिचारी!"

कमळचा चेहरा पडला. तिने रघूकडे बघितलं. 'आन त्याला' असं ओठावर आलं होतं, पण ती पुन्हा माडाकडे वळली. दुसरीच्या पोराला पाजायचं तर ओढ लागायची भीती तिलाही होतीच. आणि कमळने विचारलं असतं तरी ठमीने रघूला त्या छातीला लावू दिलं नसतं. तिला जावेची मेहेरबानी नको होती, जावेचं दूधच हवं होतं. स्वतःच्या अंगात.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, पाडा अजून झोपेत होता. उजाडायला लागलं होतं. ठमीने चटई बाजूला सारली, मडक्यावरचं झाकण काढलं आणि उजवा हात मनगटापर्यंत पेजेत बुडवला. मुद्दाम. जाणूनबुजून. ओठात पुटपुटली, "ये माज्याकडं." मग वाडगा भरला, उभ्या उभ्या घशाखाली घातला, पुन्हा भरला, पुन्हा घातला. पेज कोमट होती, नारळाच्या रसाने गोड लागत होती. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. आज आपल्या पोराचं पोट भरायचं म्हणजे कमळच्या पोरीचं रिकामं करायचं. तिने ते तोललं होतं आणि आपलं पोर धरलं होतं. ज्याला तिला नावं ठेवायची त्याने आधी एखादं पोर सुकताना मांडीवर घेऊन बसावं.

त्या दिवसापासून रोज. उजाडायच्या सुमाराला दोन वाडगे, आणि कमळ न्हाणीत शेकायला बसली की आणखी एक. भात चोरायचा तर टोप मोजलेला. पेजेचं तसं नव्हतं, वर पाणी ओतलं की मडकं भरल्यासारखंच दिसायचं. मिठावर जाताना तिने आणखी एक धाडस केलं. बाकीच्या बायकांसाठी भरलेल्या माठातलं पाणी ती ओंजळी ओंजळीने प्यायला लागली. चोर एकदा झालंच, तर पुरतं व्हावं.

आणि दूध आलं!

आधी चोळीला ओल लागली. मग एका दुपारी झोळीतल्या रघूचं रडणं ऐकलं आणि पाटी डोक्यावर असतानाच छाती अशी भरून आली की ती तशीच मीठ टाकून धावली. मुकादम ओरडला, "ए, कुठं चाललीस?" ठमी ओरडली, "जातेय पाजायला! तू येतोस का पाजायला?" बायका खदखदून हसल्या. रघू ओढत होता, गिळत होता, गिळण्याचा आवाज येत होता. ठमीने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. पहिलीच्या वेळी ऐकलाच नव्हता.

ठमीची खात्री पटली. समजूत खरी होती. ओढ लागली होती.

आता ती कमळच्या पोरीकडे बघायला लागली. रोज. अशी की जणू बाजारात कोंबडी चाचपतेय. गाल उतरलेत का? मांडीवरची वळी कमी झाली का? आत कुठेतरी तिला ते व्हायला हवं होतं. त्या माडाखालची कमळ एकदा तरी रिकाम्या छातीने बसलेली बघायची होती. आणि त्याच वेळी तिला भीतीही वाटायची, कारण सुकणारं पोर कसं दिसतं ते तिला या घरात सगळ्यांत जास्त माहीत होतं. पोरगी शिंकली तरी ठमीच्या हातातलं भांडं निसटायचं. "धाकटीची काळजी लागलीय होय गं?" सखुबाई नवलाने विचारायची.

पोरगी मात्र फुगतच होती. पाडवा गेला. मांडीवर नवी वळी आली. माडाच्या मुळाशी कमळ अजून बसतच होती.

ठमीला कळेना. मग तिने जास्त प्यायला सुरुवात केली. उजाडताना दोनाऐवजी तीन वाडगे. निदान माड तरी सुकू दे!

तिसऱ्या वाडग्याने घात केला. मडक्यात पाणी फार झालं, पेज पातळ लागायला लागली आणि कमळला संशय आला. एका सकाळी ठमी हात बुडवून उभी असताना चटई बाजूला झाली. पलीकडे कमळ.

 कमळने जी किंकाळी फोडली ती खाडीपलीकडे गेली असेल.

"चेटकीण! माज्या पोरीच्या तोंडचं काढतेस?"

तिने ठमीचा अंबाडाच धरला. ठमीने तिची वेणी धरली. मडकं लवंडता लवंडता वाचलं. दोघी चुलीपासून ओटीपर्यंत आणि ओटीवरून अंगणात. दोन्ही पोरं किंचाळायला लागली. शेजारणी जमल्या, सोडवायला नव्हे, बघायला. सखुबाई दातवण तोंडात धरूनच आली.

"काढते! काढते तुज्या पोरीच्या तोंडचं!" ठमी ओरडली. आता लपवायला काही उरलं नव्हतं आणि लपवणं तिला जमतही नव्हतं. "माडाला पाजतेस, माज्या पोराला कोन पाजनार? शिमग्यापासनं खाते! रोज तुज्या आधी हात घालते, माज्या हातानं!"

कमळने हात उगारलेला होता. तो तसाच राहिला.

"शिमग्यापासनं?"

"व्हय!"

"रोज?"

"रोज! दोन येळा! बोल, काय करशील?"

 कमळने आपल्या चोळीकडे बघितलं. झटापटीत, पोरांच्या रडण्याने, ती पुढून चिंब झाली होती. मग तिने ठमीच्या चोळीकडे बघितलं. तीही चिंब. शेजारणी बघत होत्या. कमळ हळूच, जणू स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाली, "मग माजं आटलं कुठं?"

ठमीच्या हातात अजून तिची वेणी होती. तिने ती सोडली. इतके दिवस तिने चोरी केली होती आणि कुणाचं काही गेलंच नव्हतं! आधी तिला बरं नाही वाटलं, संताप आला. जे पाप करताना तिची झोप उडाली होती ते पापही खोटं निघालं. नुसती पेज होती. तांदूळ, पाणी, नारळ. पोट भरलं की दूध येत होतं, एवढंच. आणि एवढ्याचसाठी बांधाच्या कडेला...

दोघींनी एकाच वेळी मान वळवली आणि सखुबाईकडे बघितलं.

सखुबाईने दातवण थुंकलं. "बगता काय अशा?" ती म्हणाली. पण पाय मागे सरकला.

ठमी सरळ आत गेली, कणगीकडे, घरच्या तांदळाच्या. तिच्या आधी सखुबाई तिथे पोचली आणि कणगीला पाठ लावून उभी राहिली.

"हात लावू नको."

"मना माजं मडकं पायजे. येगळं. आणि पुरुषांच्या आधी पायजे."

"आधी!" सखुबाई म्हणाली. "ऐकलंत गं बायांनो, आधी! मना कुनी दिली पेज? मी सुका भात खाल्ला. मी तांब्याभर पान्यावर मिठाच्या पाट्या उचलल्या. माजी सासू समोर बसून दूधभात चाटायची, मी बगत बसायची. मना कुनी दिलं? माजी तीन गेली. तीन! मना न्हाय मिळालं, ते तुमी आयतं पिनार? एक माहेरचं आनून पिनार, दुसरी चोरून पिनार, आणि मी..."

तिचा आवाज चिरकला.  पथ्य, सर्दी, सुटलेलं पोट, नासलेलं दूध, सगळं गळून पडलं आणि खाली काय होतं ते उघडं पडलं. ठमीने ते लगेच ओळखलं. ओळखणारच. स्वतःच्या पोटातलं होतं ते, फक्त तीस वर्षं मुरलेलं.

दया वगैरे तिला आली नाही. ती अंगणात गेली, रघूला उचलून आणलं आणि सासूच्या हातात ठेवलं.

"बगा. पयलीला तुमीच पुरलंत. तुमाला ठाव हाय ती कशी लागायची हाताला. हा कसा लागतो बगा."

सखुबाईने नको नको म्हणत पोर घेतलं. त्याचं मनगट तिच्या बोटांत आलं. चोरीच्या पेजेचं मनगट, त्याला आता वळी पडली होती. तिने ते दाबून बघितलं. एकदा, दोनदा. रघूने तिचं नाक धरलं.

ती कणगीपासून बाजूला झाली. "घाल मडकं," म्हणाली. "पन माज्या पोरांच्या ताटात कमी पडलं तर बग."

"पडलं तर तेबी पितील पेज," ठमी म्हणाली.

दुसरं मडकं चुलीवर चढलं. ठमी मिठावर जाताना डबाभर पेज नेऊ लागली आणि भर उन्हात बांधावर बसून प्यायची. पहिल्या दिवशी बायकांनी टर उडवली, "राणीसायब आल्या!" आठवडा गेला नाही तोच आणखी दोघींचे डबे आले. पुढे करंजा बंदरातली कोळीण मुशी माशाचे तुकडे घेऊन आली तेव्हा कमळने सासूसमोरच घेतले. "आमच्या नागावला अंगावर पाजनारीला मुशी घालतात," म्हणाली. दूध नासलं नाही.

पण दोघी जावा गळ्यात गळे घालून बसल्या असं कुणी समजू नये. हेवा होता तो होताच. आता ठमी बघायची कमळच्या वाडग्यात मुशीचे तुकडे किती, आणि कमळ बघायची ठमीला मुलगा आणि आपल्याला मुलगी. भांडी आदळत राहिली. फक्त आता दोन्ही बाजूंनी.

वर्षं गेली. सखुबाई गेली. रघू बापापेक्षा दांडगा निघाला, मिठाची रास एकटा रचायचा. पंचेचाळीस साली त्याची बायको रंगू घरातच बाळंत झाली. आईबाप नसलेली पोर, नात्यातल्या एका म्हाताऱ्या आत्याने वाढवलेली. ठमीने स्वतःहून मोठं मडकं मांडलं, तांदूळ घातला, नारळ खवला. सगळं आपल्या हाताने. मग ओटीवर बसून बघू लागली.

रंगू प्यायला बसली. एक वाडगा. दुसरा. मुशीचं कालवण भातावर ओढून घेतलं, बोटं चाटली, ढेकर दिला आणि काही न बोलता वाडगा पुन्हा पुढे केला. "आई, आजून." रघू शेजारी बसून बायकोकडेच बघत होता; आईकडे त्याने सकाळपासून एकदाही बघितलं नव्हतं.

ठमी वाडगे मोजत होती. हा तिसरा.  "आमच्या येळेला," ती म्हणाली, "आमच्या येळेला मना कुनी..."

आणि थांबली.

चुलीच्या पलीकडे कमळ मासळी साफ करत होती. आता केस पिकलेले, पण कान तिखट. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "बोला ना, जावबाय. का थांबलात? पुढचं मना पाठ हाय."

"तू तोंड मिट गं!"

ठमी उठली. पळी मडक्यात घातली, तळापासून ढवळली, म्हणजे तांदूळ वर यावा. रंगूचा वाडगा काठोकाठ भरला.  वाडगा सुनेपुढे आदळला, अर्धी पळी पेज बाहेर सांडली.

"पी," ती म्हणाली. "बगतेस काय? पी मुकाट्यानं."